पौर्णिमेचा घास

दर पौर्णिमेला मी अष्टशील पाळते. दुपारी बारानंतर अन्न घेत नाही. या पौर्णिमेलाच धाकट्या अश्वजितचा ताप उतरला आणि तिसऱ्या प्रहरी त्यानं आपणहून भात मागितला. आठवडाभर तो नुसत्या पेजेवर होता. मी वरणभात कालवून घास पुढं केला. त्यानं तोंड मिटलं. "पयले तू खाय." ही रोजची सवय मीच लावलेली. "आज तूच खाय, राजा." "मंग मले बी नको." भात निवत चालला. बाजेवरच्या सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "खाऊन टाक, बाई. मी नाही पाहून राह्यली." मी मनोमन क्षमा मागितली आणि तोंड उघडलं. अश्वजितनं हातातला घास काढून घेतला, माझ्या ओठांपर्यंत आणला आणि खुदकन हसून स्वतःच्याच तोंडात कोंबला. मग ताटच जवळ ओढलं. "खाल्ला का वं?" भिंतीकडूनच आवाज आला. "खाल्ला," मी म्हणाले, "त्यानं."