निळे डाग

पहिला ठोसा नाकावर बसला, तरी दाजींनी हात वर केला नाही. दुसऱ्या ठोशाला ते भिंतीवर आपटले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली माणसं मुकाट्याने उठून लांब झाली.

मारणारा वेल्डर होता. बाळाच्या आईचा थोरला भाऊ. सकाळी बहिणीकडे गेला आणि त्याने पाच दिवसांच्या भाचीचं दुपटं उघडलं. मांड्यांवर, बरगड्यांवर काळेनिळे डाग. एका दंडावर तर चार बोटं उमटलेली. बहिणीला विचारलं, तर ती भिंतीकडे बघत राहिली. घरात तिसरं माणूस राहत नव्हतं. त्याच्या लेखी निकाल तिथेच लागला. दोघींना घेऊन त्याने हॉस्पिटल गाठलं. दाजी कामावरून धावत आले, ते त्याच्याच तावडीत सापडले.

"बोल, कुणी केलं?" आजवर अहोजाहो करणारा तो आज अरेतुरेवर आला होता. "एवढ्याशा जिवावर हात टाकलास?"

दाजींनी ओठावरचं रक्त बाहीने पुसलं.

"हो, मीच. तिला काही विचारू नका."

मग वेल्डरने आगापिछा पाहिला नाही. कॉलर धरून त्यांना फरशीवर लोळवलं. बरगडीत लाथ घातली. छातीवर बसून गळा आवळला. दाजींचे डोळे पांढरे होऊ लागले, तेव्हा दोन वॉर्डबॉयनी त्याला कसंबसं ओढून बाजूला काढलं. मागोमाग डॉक्टरबाई आल्या.

"बाळाला कुणीही मारलेलं नाही," त्या म्हणाल्या.

वेल्डरची मूठ वळलेलीच होती.

"रक्त थांबवणाऱ्या पेशी असतात, प्लेटलेट्स. दीड लाख तरी हव्यात. हिच्या नऊ हजार आहेत. नुसतं उचललं तरी कातडीखाली रक्त साकळतं. हिच्या प्लेटलेट्स वडिलांच्या वळणावर गेल्या. आईच्या रक्ताला त्या परक्या वाटल्या, आणि बाळ पोटात असल्यापासून आईच्या रक्तातून बाळात उतरलेली प्रतिद्रव्यं त्यांचा फडशा पाडताहेत. यात दोष कुणाचाच नाही. पण मेंदूत रक्तस्राव झाला, तर हातात काही राहणार नाही. आईसारख्या प्लेटलेट्स मिळाल्या तर टिकतील. पण ती ओली बाळंतीण, तिच्या काढता येणार नाहीत. तुम्ही सख्खे भाऊ ना? तुमचं रक्त तपासू."

रक्तपेढीतल्या पिशवीवर बाळाने कशीबशी रात्र काढली. सकाळी कळलं, मामाचं जुळतंय.

वेल्डरच्या दंडात सुई गेली. यंत्र घरघरू लागलं. बोटांची हाडं सुजून आली होती, मूठ उघडमीट करताना ठणकत होती. दाजी शेजारच्या स्टुलावर येऊन बसले. नाकात कापूस, एक डोळा मिटलेला.

"दाजी," वेल्डर म्हणाला, "तुम्ही केलं नव्हतं, मग मार का खाल्लात?"

दाजींनी दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे बायको बाळाच्या काचपेटीवर हात ठेवून बसली होती. त्यांनी आवाज खाली आणला.

"बाळाला घेऊन घरी आल्यापासून तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मध्येच रडायची, मध्येच बाळाला घट्ट आवळून धरायची. मला वाटलं, तिच्याच हातून झालं."