इतर : १२४ मिनिटं

“इथे,” अतिया म्हणाली. तक्ता अब्बांसमोर सरकवून तिने सहीच्या जागेवर बोट ठेवलं. “आणि खाली कारखान्याचा शिक्का.”

“आधी वाचू तर दे.” तिच्या अब्बांनी, नूर मोहम्मदनी, कागद उचलला आणि ताग्यातला दोष शोधावा तसा उजेडात धरला.

भिंतीपलीकडे त्यांचे बारा लूम, कापड विणणारे यंत्रमाग, चालू होते. टेबलावरचे चहाचे रिकामे पेले बारीक थरथरत होते. अतिया शिकत होती ती व्यवस्थापनाची पदवी विद्यापीठाने त्याच वर्षी, १९९९ साली, सुरू केली होती. पहिल्याच प्रकल्पाला अतियाने विषय घेतला होता : लूम का थांबतात. सहा दिवस ती कारखान्यात स्टुलावर बसली. लूम थांबला की वेळ, सुरू झाला की वेळ, आणि कारण. मालकाची सही नसेल तर कॉलेज प्रकल्प घेणार नव्हतं. परवा, सोमवारी, शेवटचा दिवस होता.

“धागा तुटला, सत्तर मिनिटं. कांडीवरचं सूत संपलं, पंचावन्न. लाइट गेली, तीस.” अब्बांचं बोट गेल्या सोमवारच्या ओळीवरून सरकत आलं आणि अडलं. “इतर, एकशे चोवीस? हे ‘इतर’ काय आहे?”

“बाराही लूमची मिळून बेरीज आहे. एक लूम दोन तास बंद ठेवल्यासारखं.”

“ते समजतं मला. बिड्या फुंकत असतील. नामा!”

नामा जॉबर हात पुसत दारात आला. लूम बिघडला की तोच बघायचा, अब्बांच्या वडिलांच्या काळापासून. प्रश्न ऐकून तो म्हणाला, “बिडी न्हाय, शेट,” आणि छताकडे बघत राहिला.

“मग कोण?”

“तुम्ही, अब्बा.”

नूर मोहम्मदनी चष्मा काढला.

“तुम्ही अकराला आणि चारला राउंडला येता,” अतिया म्हणाली. “दारात दिसलात की नामाकाका हात वर करतात. सगळे लूम बंद. पाच मिनिटं तुम्ही सगळ्यांशी बोलता, मग परत सुरू. बारा लूम, पाच मिनिटं, साठ. दिवसातून दोनदा. एकशेवीस.”

“आणि वरची चार?”

“ती बिडीची.”

नामाला एकदम खोकला आला.

“अगं, हा अदब आहे,” अब्बा म्हणाले. “मालक आला की लूम थांबतात. आणि मी राउंड मारला नाही तर ही माणसं उभ्या उभ्या झोपतील.”

“मंगळवारी तुम्ही कल्याणला गेला होतात. त्याची ओळ बघा.”

त्यांनी चष्मा लावला. मंगळवार. इतर, चार.

“त्या दिवशी कापड नऊ मीटर जास्त निघालं,” अतिया म्हणाली.

अब्बांनी तक्ता तिच्याकडे परत सरकवला. “छान अभ्यास केलास. आता मला त्यातून काढ, मग सही करतो. कॉलेजातल्या लोकांना आपल्या घरातलं कशाला सांगायचं?”

“बाय, धागा लई तुटला आसा लिव,” नामा हळूच म्हणाला. “धागा काय साक्षीला येतंय?”

“पण नाही तुटला.” अतियाने पेनाला टोपण लावलं. एक प्रश्न मात्र तिच्या तक्त्यात कुठेच बसला नव्हता. “नामाकाका, हात वर करायची पद्धत कोणी घातली?”

“मोठ्या शेटनी.”

“का?”

“त्यांना ऐकायला यायचा न्हाय. सारा जलम लुमांत गेला, कान गेलं. लूम बंद केल्याबिगर काय समजायचाच न्हाय त्यांना. तवापासना हाय.”

नूर मोहम्मदनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. वडिलांना जाऊन बारा वर्षं झाली होती.

“म्हणजे अदब नाही?”

“अदब कसला, शेट,” नामा म्हणाला. “कान गेलेलं.”

भिंतीवरच्या घड्याळात चाराला दोन मिनिटं कमी होती. अब्बा उठले. त्यांच्या मागे नामा, आणि नामाच्या मागे अतिया उंबऱ्यापर्यंत गेली.

दारात पाय पडताच नामाचा हात सवयीने वर गेला. अब्बांनी तो मनगटाला धरून खाली आणला आणि एकटेच आत शिरले.

बाराही लूम चालू होते. पहिल्या कारागिराजवळ थांबून अब्बा काहीतरी बोलले. त्याने गोंधळून हँडलकडे हात नेला, तर अब्बांनीच नको म्हणून मान हलवली. मग ते वाकून त्याच्या कानात बोलले. त्याने आपल्या कानाकडे बोट दाखवलं, हसला, आणि रिकामी झालेली कांडी बदलायला वळला. अब्बा पुढच्या लूमकडे गेले. मग त्याच्या पुढच्या. चौथ्यापासून त्यांनी बोलणं सोडून दिलं. प्रत्येक लूमवर उतरत येणारं कापड तेवढं चिमटीत धरून बघत ते शेवटपर्यंत गेले आणि दुसऱ्या बाजूने परत आले.

अतियाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं. राउंडसाठी बंद लूम, शून्य.

ऑफिसात येऊन ते खुर्चीत बसले. करंगळी कानात घालून हलवली. मग दुसऱ्या कानात. तक्ता होता तसाच टेबलावर होता, त्याच ओळीत तोच आकडा. त्यांनी शिक्क्याची डबी उघडली आणि पेन घेतलं.

“सही कुठे करायची?” ते ओरडले.

रस्त्यापलीकडचा पानवाला दचकून वळला.

“इथे!” अतियाही ओरडली, आणि बोट ठेवलं.