सेवादासची तार

कापसाला कुत्रं विचारत नव्हतं त्या साली यवतमाळात कंपवाताला भाव आला. डोक्याला पट्ट्या लावून बारीक करंट सोडायचा आणि थरथर थांबते का बघायचं, असा डॉक्टरांचा प्रयोग. निम्म्यांना खरा करंट, निम्म्यांना नुसत्याच पट्ट्या. कुणाला काय, ते रोग्याला सांगायचं नाही.

लोहाऱ्याच्या युनूस मिस्त्रीनं जन्मभर बॅटऱ्या जिभेनं तपासलेल्या. नर्सची पाठ वळताच त्यानं पट्टीतून उपसून आधी आपली, मग शेजारच्या सेवादासची तार चाटली. आपली झिणझिणली. सेवादासची पार मेलेली.

आणि सेवादासला तर होळीला तांड्यात डफ वाजवायचा होता!

"माही तार खाली हाय लेका," युनूस बेधडक म्हणाला. "पण तुह्यात असा करंट हाय, जीभ भाजली माही!"

होळीला सेवादासचा डफ असा घुमला, की म्हाताऱ्याही फेर धरून नाचल्या. युनूस मिशीत हसत जवळ आला. "काय बावा, लागला ना करंट?"



"कायचा करंट? तुले बॅटऱ्या चाटताना पाहूनच शिकलो, त्या दिशी तुह्या आधीच चाटली होती म्या ते तार," सेवादास म्हणाला. "पण तू इतकं मनापासून खोटं बोलला, का हाताले थरथरायची लाज वाटली."