तीन नंबरचं टर्मिनल

फौजदारानं कॉम्प्युटरच्या खोलीतल्या टेबलावर कागद पसरला. "हे हितनंच निघालंय. तीन नंबरवरनं. तितं कोण बसतं?"

कागदावरच्या एका ओळीला खूण केलेली होती; ती इंग्रजी अक्षरांत होती: आणीबाणी मुर्दाबाद.

विजयमालानं कागद ओळखला. कोणत्या टर्मिनलवरून कॉम्प्युटरला काय हुकूम गेला ते टिपून ठेवणारा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. त्याचा कागद रोजच्यासारखा सकाळी मॅनेजरसाहेबांकडे गेला. सगळ्या सोलापुरात धरपकड चाललेली. साहेबांनी घाबरून सरळ पोलिसांनाच फोन केला.

तीन नंबरवर तिचा सहकारी शिवपुत्र बसायचा. आत्ता तो भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. आणीबाणीत पकडलेला त्याचा थोरला भाऊ वर्षभरापासून येरवड्याच्या तुरुंगात होता.

"कुणीच बसलं नव्हतं, साहेब," विजयमाला म्हणाली. आवाज आपला नव्हेच, असं तिला वाटलं.

"मग काय भुतानं लिवलं व्हय?"

"दुसऱ्या एका प्रोग्रामनं. तोही माझाच आहे. टर्मिनलचं सोंग घेतो. माणूस नसला तरी कॉम्प्युटरला वाटतं, कुणीतरी टाइप करतंय. चाचणीसाठी केलाय."

फौजदारानं मॅनेजरकडे पाहिलं. "असं हुतं?"

"तसा प्रोग्राम आहे खरा," साहेब पुटपुटले.

फौजदार खुर्ची ओढून बसला. "मग दावा की. हीच वळ. माझ्या म्होरं."

सोंग घेणाऱ्याला बोलायचं काय ते आधी कुणीतरी सांगावं लागतं. ती एक नंबरवर बसली. प्रोग्रामला तीच ओळ द्यायला लागली. दोनदा अक्षरं चुकली. तिनं ती खोडली, पुन्हा टाइप केली आणि हात मांडीवर घेतले.

तीन नंबरची खुर्ची रिकामीच होती. कोपऱ्यातलं छपाईयंत्र खडखडलं. तीन नंबर. आणीबाणी मुर्दाबाद.

फौजदारानं तो कागद फाडून घेतला, पहिल्याशेजारी ठेवला. मग पेनचं टोपण काढलं.

"मशिनीला बेड्या घालता येत न्हाईत, बाई. त्येला ही वळ शिकवली कुणी?"

शिवपुत्र भिंतीपासून पुढं झाला. "साहेब, मी..."

"विजयमाला," ती मोठ्यानं म्हणाली. "लिहून घ्या. विजयमाला चनबसप्पा बिराजदार."