न धुतलेलं पोतं

"तुमची भुरी पिल्लं खाऊन राहिली, पोरी."

ओसरीवर टेकल्या टेकल्या, पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्याही आधी सुखदेवनं हे सांगून टाकलं. रजनीच्या हातातलं संत्रं अर्धं सोललेलं तसंच राहिलं.

भुरी म्हणजे तरस. ब्याऐंशी साली तिगावच्या या संत्र्याच्या मळ्यात, नाल्याच्या कपारीत सापडलेलं एवढंसं पिल्लू. रजनीनं बाटलीनं दूध पाजून ते सहा महिने वाढवलं, मग जंगलखात्यानं ते शहरातल्या प्राणिसंग्रहालयात नेलं. सुखदेव तिथला तरसांचा राखणदार. भुरी गेली तेव्हा अकरा वर्षांची रजनी स्टेशनापर्यंत रडत गेली होती. आता ती दहावीत होती, आणि रडण्यापेक्षा प्रश्न विचारणं तिला जास्त जमायला लागलं होतं.

"खाते म्हणजे? सगळी?"

"पयल्या खेपेले तीन, दुसऱ्या खेपेले दोन. तोंडात धरते अन् फिरते. नुसती फिरते. खाली ठेवतच नाही. मंग..." सुखदेवनं हात झटकला. "आता तिसऱ्यांदा गाभण हाये. आठ-दहा दिवस राहिले. या खेपेले जगले नाही तं साहेब तिले सर्कशीले देऊन टाकणार. माणसाच्या हाताखाली वाढलेलं तडस माय होऊच शकत नाही, म्हणते."

माणसाच्या हाताखाली. म्हणजे रजनीच्याच की! तिचे कान तापले.

"हाडं देता तिले?"

"म्हशीचे. रोज."

"नर वेगळा ठेवता?"

"ठेवतो."

"लोकं गोटे मारते काय? बॅन्ड वाजते काय जवळ? अंधारी जागा हाये काय तिले? पाणी कुठं ठेवता?"

"अवो, तू का वकील हायेस काय, पोरी?"

"जनावरायची डॉक्टर होणार हाये मी."

"पयले गणितात तं पास हो," असं म्हणत तिची आई वत्सलाबाई शेणाची बादली घेऊन बाहेर आली. "पाय वर घ्या भाऊ. एवढं आंगण सारवून घेतो. तुमची ते भुरी होती तवा मले सुखानं सारवूही देत नव्हती."

"काहून जी?"

"आता सांगा! मी सारवलं का तिचं डोकंच फिरे. दिवसभर येरझाऱ्या. मंग कुंपणाच्या पऱ्हाटीच्या एकेका काडीले बूड घासे, चिकट चिकट घाण लावून ठेवे, अन् तवाच जाऊन निजे. असा वास! गाईही तिकडून जात नव्हत्या."

रजनीच्या हातातलं संत्रं खाली पडून घरंगळत अंगणात गेलं. तिला आठवलं. सारवणाच्या दिवशी भुरी तोंडात आपलं फाटकं पोतं धरून अशीच फिरायची. या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात. ठेवायची कुठंच नाही.

"काका, तिचा पिंजरा कितीदा धुता तुम्ही?"

"दोन टाइम. फिनाइलनं!" सुखदेवची छाती जरा फुगली. "फरशी अशी चमकते का तोंड पाहून घे. मोठे पाहुणे आले का साहेब आमचाच पिंजरा दाखवते."

"अन् बाळंत झाल्यावर?"

"तवा तं तीन टाइम. पिल्लायले रोग नको लागाले."

"काका!" रजनी ओसरीवरून उडी मारूनच उतरली. "ते आपला वास लावते, तुम्ही धुता. ते पुन्हा लावते, तुम्ही पुन्हा धुता. तिले वाटत असंन, हे घरच आपलं नाही. मंग ते पिल्लं खाली ठेवीन तरी कुठं?"

वत्सलाबाईंचा सारवता हात थांबला.

सुखदेवनं आपले दोन्ही तळवे उघडले, पाहिले आणि नाकाशी नेले. चार तासांचा रेल्वेचा प्रवास झाला होता, वाटेत संत्रंही खाल्लं होतं, तरी हातांचा फिनाइलचा वास गेला नव्हता.

"मीच धुतो," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्या कोनाले हात लावू देत नाही मी."

रजनी संत्र्याच्या पेट्या ठेवायच्या कोठ्यात पळाली, ती दोन बोटांनी नाक दाबूनच परत आली. दुसऱ्या हातात भुरीचं, काळंकुट्ट, कडक झालेलं पोतं होतं.

"हे अजून ठेवलंच हायेस तू?" वत्सलाबाई किंचाळल्या. "चार वर्षांपासून मी जाळाले मागून राहिली हे!"

"तिच्या निजायच्या कोपऱ्यात टाकजा, काका. अन् बाळंत होऊन महिना होईस्तोवर तिकडं पाण्याचा थेंबही नको. झाडू नको, काही नको."

"अन् वास सुटला, साहेबानं विचारलं, तं?"

"तं सांगजा, तिगावच्या रजनीनं सांगतलं. पत्ता देजा माह्या."

वत्सलाबाईंनी सुखदेवच्या लेकरांसाठी संत्र्याची एक पेटी भरून ठेवली होती. त्यानं ती ओसरीवर पालथी केली, चार संत्री खिशात कोंबली आणि रिकाम्या पेटीत पोतं घडी करून ठेवलं.

संध्याकाळच्या पॅसेंजरला रजनी त्याला पोचवायला गेली. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सुखदेव चढला आणि दोन मिनिटांत अख्खं बाकडं मोकळं झालं. "का मेलेलं घेऊन चालला काय, भाऊ?" कोणीतरी ओरडलं. पदर नाकाला लागले.

गाडी हलली. खिडकीत बसलेल्या सुखदेवनं पेटी मांडीवर घेतली, खांद्यावरचा पंचा काढला आणि पोत्यावर चारी बाजूंनी घट्ट खोचला. वाऱ्यानं वास उडून जाऊ नये म्हणून.