वाघ आणि घरपट्टी

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण आमच्या रानातल्या वाघानं मला तीन वर्षं घरपट्टी भरू दिली नाही. घर मुलाच्या, पवनच्या नावावर. तो कॅनडात, आणि पाच वर्षांत एकदाही गावाकडे फिरकलेला नाही. "घरावर जप्ती येऊन राह्यली, मालकानंच सही कराले या लागते," असं फोनवर सांगितलं, तर पठ्ठ्या आठव्या दिवशी चंद्रपूरच्या बसमधून उतरला.

"बाबा, मी तं दरवर्षी पैसे पाठवले. मंग पट्टी थकली कशी?" जेवता जेवता त्यानं विचारलं.

"बेटा, दर मार्चमध्ये पैसे घेऊन निघालो, का वाघ मोहाच्या झाडाखाली आडवा! मी म्हणो, सरक बापू. तो सरके नाई. मांगच्या वर्षी तं त्यानं पैशाची थैली हुंगली अन् मलेच वापस पाठवलं."

"आता हे निपटाले किती दिवस लागतीन?"

"महिना तं लागनच," मी म्हणालो आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

चक्कीवाली नीलाबाई आमच्या पिठाचा डबा घेऊन दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.


"काहो पत्रूभाऊ, घरपट्टी भरली त्याचंच दळण पंचायतीच्या चक्कीवर फुकट. मंग तीन वर्षांपासून हे फुकटचं पीठ कोण खाऊन राह्यलं, वाघ?"