बारावा फोटो

माझ्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात एकच दोष होता. सलग बारावा फोटो काढला की लेन्स बाहेरच अडकायची, तासभर हलायची नाही. जाहिरातीत मी 'जपून वापरलेला' एवढंच लिहिलं होतं. घ्यायला तयार झालेले काका आपल्या चष्म्याच्या दुकानात एकेक फोटो काढून निरखत होते. आरसा, अक्षरांचा तक्ता, माझं नाक. मी मनात मोजत होतो. नवव्याला म्हणालो, "बॅटरी संपेल हं." दहाव्याला, "मला घाई आहे." अकरावा निघाला. त्यांचं बोट बटणावरच होतं. "काका, थांबा! बाराव्याला अडकतो. विकणाऱ्याने मलाही सांगितलं नव्हतं." "ठाऊक आहे," काका म्हणाले. "हा आधी माझाच होता. तुला विकणाऱ्याला हा विकताना मीही अकराव्या फोटोवरच थांबलो." "मग परत का घेताय?" "घेतोय कुठे? तुला हा विकणाऱ्याने माझ्या मुलीला मागणी घातलीय. त्याने तुला दोष सांगितला होता का, माणूस प्रामाणिक आहे का, एवढंच बघायचं होतं."